गाळलेले फेर

भुलाबाई बसली की मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या लेखात कुणी झेंडूची फुलं आणि टिपऱ्यांचा नाद शोधायला बसणार नाही. ते सगळं आहे, मध्येमध्ये येईलही, पण रागाचं बोट धरूनच येईल.

भादव्याची पौर्णिमा ते कोजागरी, असा हा महिना. पाऊस ओसरलेला असतो आणि ऊन नव्यानं तापायला लागलेलं असतं. बडनेऱ्याहून अकोल्याकडे गाडी निघाली की खिडकीतून सोयाबीनच्या मळणीचा धुरळा आत येतो आणि नाक चुरचुरतं. कपाशीला पहिली बोंडं फुटलेली दिसतात. मूर्तिजापूरला सीताफळांच्या टोपल्या चढतात आणि अख्ख्या डब्याला तो पिकलेला वास लागतो. घरोघरी पाटावर मातीची भुलाबाई बसते, शेजारी तिचा भुलोजी, मांडीवर इवलासा गणपती. संध्याकाळी गल्लीतल्या मुली-बायका जमतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखतात. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आमच्या वऱ्हाडातल्या मुलींना थांबणं शिकवायची ही एवढी एकच बरी रीत मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी गार्गी स्वयंपाकघरात आली. दहावीत आहे. शाळेत भुलाबाईवर छोटी फिल्म करायची आहे म्हणाली. "आई, मला एक छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन दे ना. खिशात मावणारा. आणि एडिटिंग सोपं असलेला. म्हणजे सगळं आपोआप व्हायला पाहिजे, मला काही करावंच लागायला नको."

मी पोळी लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरगी बावरली. तिचा काय दोष? जे दुकानदार बोलतो, जाहिरात बोलते, शाळेतली पोरं बोलतात, तेच ती बोलली. दोन वर्षांपूर्वी अगदी हेच शब्द मी स्वतः एका काउंटरवर उभी राहून बोलले होते. तव्यावरची पोळी करपली आणि ती मीच खाल्ली.

माझी माय अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत. आयुष्यभर तिनं ब्लाउज शिवले. शिवणयंत्राच्या वरताण तिचा आवाज. गोड नाही, मोठा. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती आतून कोथिंबीर कशी दिली ते विचारायची आणि तो तिथूनच उत्तर द्यायचा. लहानपणी मला या आवाजाची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी येऊन तिनं हाक मारली की पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या वर्गांना कळायचं की रेखाचा डबा राहिलाय.

पण भुलाबाईच्या महिन्यात हाच आवाज गल्लीची मालमत्ता व्हायचा. इतर बायकांना गाण्याचे दोन-तीन फेर यायचे, पुढे त्या अडखळायच्या. मायला सगळे फेर यायचे. फेर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. या गाण्यांमध्ये बहुतेक सुनेला माहेरी जायचं असतं. ती सासऱ्याला विचारते, सासरा सासूकडे पाठवतो. सासूला विचारते, सासू दिराकडे पाठवते. मग दीर, जाऊ, नणंद, आणि सगळ्यात शेवटी नवरा. ओळ तीच, चाल तीच, फक्त नातं बदलतं. एक नातं, एक फेर. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, एकच ओळ किती वेळा घोळवतात या बाया.

माय मात्र प्रत्येक फेर वेगळा म्हणायची. सासूच्या फेरात तिचा आवाज नाकात जायचा. नणंदेच्या फेरात ती मान वेळावून म्हणायची आणि पोरी फिसकन हसायच्या. दिराच्या फेरात थोडा लाड. नवऱ्याच्या फेराला आली की टिपऱ्या हळू करायची आणि आवाज असा खाली आणायची की हसणाऱ्या पोरी गप्प बसायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तो शेवटचा फेर मला का आवडत नाही ते तेव्हा कळत नव्हतं.

नंतर कळलं. मायचं माहेर अकोट. एसटीनं निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं. तेवढ्या वाटेसाठी तिला आमच्या घरात किती जणांना विचारावं लागायचं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजी म्हणायची, आजोबांले इचार. आजोबा पेपर खाली न घेता म्हणायचे, मोठ्याले इचार. मोठे काका म्हणायचे, तुह्या नवऱ्याले काय वाटते ते पाय. तोवर माय पिशवी भरून, मला रिबिनी बांधून उंबऱ्याशी उभी. बाबा संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे, आता गाडी कुठली, पुढच्या आठवड्यात पाहू. माय पिशवीतले कपडे परत काढायची, माझ्या रिबिनी सोडायची आणि कणीक भिजवायला घ्यायची. तर असे ते फेर.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मायच्या गळ्यात गाठ निघाली. तपासण्यांसाठी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "गाठ काढावीच लागेल. आवाजाची नस अगदी लगत आहे. आवाज जाईलच असं नाही, पण आहे तसाच राहील असं मी सांगणार नाही."

माय म्हणाली, "कोजागरी झाल्यावर करा."

"का हो? तेव्हाच का?"

"भुलाबाई बसली हाय घरी."

डॉक्टरनं कागद पुन्हा पाहिले आणि तीन-चार आठवड्यांनी काही बिघडणार नाही असं सांगितलं. मी मनाशी ठरवलं, या महिन्यात मायची सगळी गाणी, सगळ्या फेरांसकट, तिच्या आवाजात धरून ठेवायची. दुसरी वेळ मिळणार नव्हती. भुलाबाई उठल्यावर ही गाणी म्हणायची नाहीत हा मायचा नेम, आणि पुढच्या भादव्यापर्यंत तो आवाज असेल की नाही ते देवालाच ठाऊक.

फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. होता. पहिल्या शनिवारी अकोल्याला जाऊन फोन भुलाबाईच्या पाटाला टेकवून ठेवला. माय जावेच्या फेरात आली आणि कुणी बाई मला विमा विकायला फोन करती झाली. रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. उरलं होतं त्यात पंख्याची घरघर जास्त आणि माय कमी, म्हणून मी ते पुसून टाकलं. मी म्हणाले, "थांब माय, यानं नाई होत. चांगला कॅमेरा आनतो, मंग सारंच घेऊ."

"घे मंग लवकर," माय म्हणाली. "गळा दुखते मले आता दोन गान्यांनंतर."

मी लवकर घेतला नाही. मी निवडत बसले.

ते तीन आठवडे आठवले की आजही माझी कानशिलं तापतात. मी गणित शिकवते, तुलना करायची मला वाईट खोड आहे. वहीत रकाने आखले. वजन, बॅटरी, भिंग, कार्ड, कोणता हलला तरी चित्र हलत नाही, कोणता मान वळवून चेहऱ्यामागे फिरतो. मधल्या सुट्टीत व्हिडिओ बघायचे, घरी भाजी निवडतानाही. कॅमेरे पारखणारी ती सगळी मुलं कुठल्या कुठल्या डोंगरांवर उभी असायची, समुद्रात उड्या मारायची, मोटारसायकलच्या नाकाला कॅमेरा बांधायची. एकानंही सांगितलं नाही की पंखा चालू असलेल्या खोलीत, दहा बायका टिपऱ्या वाजवत असताना, सत्तर ओलांडलेल्या बाईचा आवाज हा डबा कसा ऐकतो. त्यांच्या घरात म्हाताऱ्या बाया नसतात की काय कोण जाणे. मला संताप यायचा, तरी मी बघायची. उद्या याच्याहून बरा सापडेल असं वाटायचं. तिकडे अकोल्यात माय रोज संध्याकाळी गात होती, आणि मी अमरावतीत बसून तिचा आवाज कशात धरावा याचा अभ्यास करत होते.

यावरून एक जुनी आठवण मध्येच येते. आम्ही लहान असताना एकदा घरात खिरापतीला काही नव्हतं. मायनं तरी डबा आणला, कानाशी नेऊन खुळखुळवला. आम्ही शेंगदाणे म्हणालो, फुटाणे म्हणालो, खडीसाखर, बत्तासे, खारका. माय मान हलवत राहिली. शेवटी हरलो म्हणालो तेव्हा तिनं झाकण काढलं. आत भाजलेले चिंचोके होते. ते आम्ही इतका वेळ चघळले की दुसऱ्या दिवशी दाढा दुखल्या. ओळखण्यात जो वेळ गेला तोच गोड होता असं मी त्यावर पुष्कळ वर्षं म्हणत आले. आता म्हणवत नाही. निवडण्यात वेळ घालवणं काही गोड नसतं. कधीकधी डबा तत्काळ उघडावा लागतो.

कोजागरीला आठवडा उरला तेव्हा मायची शेवटची तपासणी होती. ती झाल्यावर तिला तसंच रिक्षात घालून बाजारातल्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा चुणचुणीत. मी वही उघडून विचारायला लागले, तो भराभर सांगायला लागला. तळहाताएवढा कॅमेरा, वर मान हलवणारं छोटंसं डोकं. त्यानं तो चालू करून मायच्या तोंडासमोर धरला, दाखवण्यापुरता. मायही काहीतरी विचारत होती त्याला. काय ते माझ्या लक्षात नाही, असं मी परवापर्यंत म्हणू शकत होते.

"एडिटिंग सोपं पाहिजे," मी म्हणाले. "मला त्यातलं काही येत नाही."

"मॅडम, एडिटिंगचं तं टेन्शनच नका घेऊ," तो म्हणाला. "ॲपच करते सारं. तुमी निस्तं एक बटन दाबा. फालतू जेवढं असते ना, तेवढं ते आपलं आपलंच काढून टाकते."

फालतू हा शब्द मला तेव्हा आवडला होता. त्याच कॅमेऱ्याचे पैसे भरताना मी तो मनातल्या मनात घोळवलाही. चला, फालतू निघून जाईल.

त्या शनिवार-रविवारी अकोल्याला जाऊन घेतलं सगळं. माझी आजही खात्री आहे की ते रेकॉर्डिंग चांगलं झालं होतं. पंखा बंद केला, म्हणून सगळ्यांच्या कपाळावर घाम. कोजागरीसाठी ज्वारीच्या धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मखर आणून दाराशी उभं करून ठेवलेलं. कॅमेऱ्याचं डोकं अधूनमधून मायला सोडून नाचणाऱ्या पोरींकडे वळायचं, तेव्हा मी त्याला चापट मारून परत आणायची. माय पाटाजवळ बसून गात होती. दोन गाण्यांनंतर खोकायची, कोमट पाणी प्यायची, एखादीला म्हणायची, "तू काहून चूप हायेस व? नवरा घरी आला काय?" आणि पुढचं गाणं धरायची. माहेरचं ते गाणं तिनं रविवारी शेवटी म्हटलं. सगळे फेर. सासरा, सासू, दीर, जाऊ, नणंद. नवऱ्याच्या फेराला आवाज फाटला, पण तिनं तो फेर सोडला नाही. संपल्यावर तिनं टिपऱ्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाली, "झालं. आता कापू दे त्याले गळा."

सोमवारी कोजागरी झाली, ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. बाहेरच्या बाकावर बसून माणूस काय करेल? हात स्वस्थ राहीनात. भिंतीवरची हृदयाची आणि फुप्फुसांची चित्रं पाहून झाली होती. पर्समधून कॅमेरा काढला, फोनला जोडला, आणि ते सोपं ॲप उघडलं. म्हटलं, माय शुद्धीवर आली की तिला दाखवू.

बटण एकच होतं, दुकानातल्या मुलानं सांगितल्याप्रमाणे. दाबलं. एक चक्र फिरत राहिलं. मध्येमध्ये अक्षरं यायची. शांत जागा काढत आहोत. आवाज स्वच्छ करत आहोत. पुन्हा पुन्हा आलेले भाग काढून उत्तम भाग निवडत आहोत. ही शेवटची ओळ मी वाचली. माझ्या दोन डोळ्यांनी वाचली आणि मला काहीही खटकलं नाही. मग फिल्म तयार झाल्याचं आलं. मायचा हसरा चेहरा दिसला, टिपऱ्या दिसल्या, खाली बासरी वाजत होती. मला रडूच आलं. तेवढ्यात त्यानं विचारलं, मूळ फायली काढून जागा मोकळी करायची का? मी हो दाबलं.

आत डॉक्टर तिच्या गळ्याशी जपून, नस वाचवत काम करत होता. बाहेर मी एका बोटानं तिचा आवाज पुसत होते. वेळही बहुधा तीच असेल.

फिल्म मी तिथूनच नात्यातल्या सगळ्यांना पाठवली. अंगठे आले, फुलं आली, किती छान बासरी असंही कुणी लिहिलं. मायला चार दिवसांनी घरी सोडलं. त्या चार दिवसांत मी त्याच कार्डावर काय काय भरलं ते सांगायचीही लाज वाटते. दवाखान्याच्या खिडकीतली कबुतरं, मला वेळ जात नव्हता म्हणून. घरी येणारी रिक्षा. दारात भाकरतुकडा ओवाळणारी शेजारीण. या सगळ्यात माय कुठेच बोलत नव्हती, कारण डॉक्टरनं तिला बोलायला बंदी केली होती.

बंदी उठली तेव्हा जो आवाज निघाला तो चाळणीतून पीठ पडावं तसा होता. अजूनही तसाच आहे. जवळ कान नेला तर शब्द कळतात. भाजीवाला आता दारापर्यंत येतो.

त्या दिवशी तिनं खूण केली, माहेरचं गाणं लाव. मी मोठ्या हौशीनं फिल्म लावली. सुनेनं सासऱ्याला विचारलं, बासरी वाजली, आणि पुढच्याच क्षणी सगळ्या बायका खिरापत खात होत्या.

माय पुढे वाकली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "सासू कुठी गेली?"

मी फिल्म पुढे-मागे केली. सासू नव्हती. दीर नव्हता. जाऊ, नणंद, नवरा, कुणीही नव्हतं. ॲपला वाटलं बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकून म्हणते आहे, म्हणून त्यानं त्यातली सगळ्यात स्वच्छ निवडली आणि बाकीच्या फेकून दिल्या. सासऱ्याचा फेर सर्वांत आधीचा, गळा तेव्हा ताजा होता. झालं. गाण्यातली सून एकदा विचारून माहेरी पोचली. माझ्या मायच्या आयुष्यात हे कधी झालं नाही, आणि या शहाण्या ॲपनं ते एका चक्रात करून दाखवलं. तिचा खोकला गेला, पाणी पिणं गेलं, शेजारणीला मारलेला टोमणा गेला. सगळं फालतू.

त्यानंतर मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते. पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे कार्ड नेलं. त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाला, "वरून भरलं ना मॅडम तुमी. खालचं आता नाई येत." मला कबुतरं दाखवली. ॲपवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की ॲप ठरल्याप्रमाणेच चाललं आहे, आणि खाली विचारलं होतं, आमची सेवा तुम्हाला कशी वाटली? दुकानातही गेले, भांडायला. तो मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, "पण मॅडम, तुमीच तं म्हने सोपं पायजे." मी तशीच परत आले आणि कॅमेरा कपाटात, हिवाळ्याच्या स्वेटरांखाली ढकलून दिला.

एक गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणं म्हणजे कचरा, हे कुणी ठरवलं? जात्यावर बसलेल्या बाईनं एकदाच फिरवून उठायचं का? लेकराला थोपटणारी एकदा थोपटून थांबते का? ज्यांना आयुष्यात एका विचारण्यात सगळं मिळालं, त्यांनी ही यंत्रं केली असणार. आमच्या बायांना एकच गोष्ट सहा जणांना सहा वेळा विचारावी लागली, म्हणून त्यांनी त्याचं गाणं केलं आणि सहाही जणांच्या नकला करून सूड घेतला. ते सहा वेळा विचारणं हेच गाणं होतं. शब्द आहेत माझ्याकडे, मायनं कुजबुजत सांगितले, गार्गीनं वहीत उतरवून घेतले. शब्दांसाठी माझं रडणं नाही. नाकातली सासू त्या वहीत कशी उतरणार?

तरी या रागातला मोठा वाटा यंत्राच्या नावावर टाकून मी मोकळी होत असे. दोन वर्षं तसं चाललं. मग हा रविवार आला.

नवा कॅमेरा मिळणार नाही, जुना आहे तो वापर, असं मी गार्गीला सांगितलं होतं. तिनं तो स्वेटरांखालून काढला, चार्ज केला, आणि आम्ही अकोल्याला गेलो. माय पाटाजवळ बसली होती. ती आता गात नाही, टिपऱ्यांनी ठेका धरते आणि कुणी फेर चुकवला की एक टिपरी जमिनीवर आपटते. पोरी यायला वेळ होता. गार्गी कॅमेरा चाचपत बसली होती.

"आई, यात एक व्हिडिओ आहे," ती म्हणाली.

"कबुतरं असतील," मी म्हणाले.

"नाही. कार्डात नाहीये. कॅमेऱ्याच्या पोटात थोडी जागा असते ना, त्यात आहे. कार्ड टाकायच्या आधीचा असेल."

तिनं तो लावला. दुकानाची काउंटरची काच दिसली, मग माय. गळ्याला पदर गुंडाळलेला. आणि तो आवाज आला, तोच, मोठा, भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी उभा करणारा. गार्गी दचकली. तिच्या विस्मरणात गेला होता तो.

"काहून रे बाबू," माय विचारत होती, "हे डबी निस्तं तोंड पायते का आयकते बी?"

"दोनी करते, आजी."

"मंग मी जेवढं गाईन तेवढं सारं ठेवीन ना हे? आमच्या गान्यात तेच तेच येते, फिरून फिरून. मधातलं काई गाळनार तं नाई?"

त्या मुलानं तोंड उघडलं. तेवढ्यात बाजूनं, चित्रात न दिसणारा, माझा आवाज आला. कडक, वर्गातला.

"माय, तू चूप बस ना थोडी. मले आयकू दे ते काय सांगून राह्यले."

मायनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बाजूला, माझ्याकडे. आणि तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडाची ती थोडा वेळ दिसत राहिली आणि व्हिडिओ संपला.

तीन आठवडे मी वहीत रकाने आखले, आणि विचारायला हवा होता तो एकच प्रश्न मायनं विचारला होता. मी तिला उत्तर मिळू दिलं नाही. तिच्या आवाजाचं, न कापलेलं, बासरीशिवायचं, जगात आज एवढंच उरलं आहे, आणि त्याच्या शेवटी मी आहे, तिला गप्प करणारी.

मायनं मला जवळ बोलावलं. मी कान नेला.

"मी तं इचारलं होतं," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

गार्गीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. शहाणी पोर आहे. हळूच म्हणाली, "आई, शेवटचं ते तुझं वाक्य कापून टाकू का? आजीचं तेवढं ठेवते. एका बोटाचं काम आहे."

"हात लावू नको त्याले," मी म्हणाले.

मायनं टिपरी जमिनीवर आपटली आणि बोट गोल फिरवून दाखवलं, पुन्हा लाव. गार्गीनं पुन्हा लावलं. पुन्हा तो मोठा आवाज खोलीत आला, पुन्हा तिनं विचारलं, आणि पुन्हा मी तिला गप्प बसवलं.